नवऱ्याचं प्रोफाइल मी लिहिलं

आमच्या घरात लिहायचं काम माझ्याकडे आहे. नळाला पाणी येत नाही म्हणून नगर निगमाला द्यायचा अर्ज, पुतण्याच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत छापायचे सेवानिवृत्तांचे गौरव, हे सगळं माझ्या हातून जातं. गौरव तर माझा हातखंडा. कुठल्याही सज्जन माणसाला मी तीन परिच्छेदांत थोर करून सोडते. एका काकांबद्दल इतकं चांगलं लिहिलं की त्यांच्या बायकोचा फोन आला, "हे आमच्याच ह्यांच्याबद्दल आहे नं वं?" त्यामुळे नोकरीच्या साइटवरचं नवऱ्याचं प्रोफाइल सुधारायची वेळ आली तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

नवरा भिलाईच्या सरकारी पोलाद प्लांटमध्ये कन्व्हेयर बेल्टच्या मेंटेनन्सचा इन्चार्ज होता. खनिज आणि कोळसा वाहून नेणारे लांबच लांब पट्टे. ते फाटले की जोडायचे, खालचे रोलर जाम झाले की बदलायचे, आणि हे सगळं फोनवर कोणीतरी "और कितना टाइम" विचारत असताना. काम प्लांटच्या आत, पण पगार ठेकेदाराकडून. ठेका काही वर्षांनी एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. मग गेटपासवरचं नाव बदलायचं, हेल्मेटवरचा स्टिकर बदलायचा, आणि माणूस त्याच गेटातून त्याच बेल्टवर जायचा. नवीन ठेकेदार आला की जुनी माणसं तशीच ठेवून घ्यायचा, कारण बेल्टच्या खोडी त्यांनाच माहीत. असे तीन ठेकेदार झाले. चौथा आला तो स्वतःचा इन्चार्ज सोबत घेऊन. खालची पोरं त्याने ठेवली आणि माझ्या नवऱ्याला हात जोडले.

तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. होळीपर्यंत लागेल कुठेतरी, असं आम्ही म्हणत होतो. होळीही गेली.

नोकरी शोधायची त्याची पद्धत इथली जुनी पद्धत होती. सकाळी आंघोळ करायची, शर्ट खोचायचा, आमच्या जुनवानी वस्तीतून स्कूटरने सिविक सेंटरच्या बाजारात जायचं आणि चहाच्या ठेल्यावर उभं राहून ओळखीच्या माणसाला सांगायचं, "काही असलं तं पाहा." आजवर त्याच्या पिढीच्या नोकऱ्या अशाच लागल्या. पण आता त्या ठेल्यावर उभे असलेले सगळेच "काही असलं तं पाहा" म्हणणारे होते. पाहणारं कोणी उरलं नव्हतं. वय बावन्न. त्याच्या वयाच्या माणसाला दारात उभं करणारी जागा वर्षात एखादी निघते, तीही निघाल्यावर आपल्याला कळली तर.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे रायपूरला एम.एस्सी. करायचं तिचं केव्हाचं ठरलेलं. एका दुपारी जेवताना ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "मैं सोच रही थी, एम.एस्सी. तो बाद में भी हो सकती है. दुर्गला एका कोचिंग क्लासवाल्यांना टीचर पाहिजे."

नवऱ्याने हातातला घास परत ताटात ठेवला. मी आमटी हवी का विचारलं. कोणालाच नको होती.

त्याच संध्याकाळी त्याने मोबाइल माझ्यासमोर आणून ठेवला. "ते पोट्टी म्हणत असते ते प्रोफाइल. तूच कर. तुले येते लिहिता."

"आणि तुम्ही?"

"मी काय करू? आता तं चहावाला बी मले पाहून विचारत नाही, सीधा बिस्कीट देते. दया करून राहिला."

प्रोफाइल मुलीने कधीतरी बनवून ठेवलं होतं. त्यात फोटो होता भाच्याच्या लग्नातला, डोक्यावर फेटा आणि शेजारी कोणाचा तरी कापलेला खांदा. कामाच्या जागी फक्त "मेंटेनन्स" लिहिलेलं. बाकी सगळं कोरं. एवढ्या वर्षांचं काम आणि एक शब्द. माझ्यातली गौरवलेखिका जागी झाली.

आधी फोटो. मुलीने त्याला गच्चीत पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पट्ट्यांचा पायजमा, कारण फोटो छातीपर्यंतच येणार होता.

"बाबा, थोडा स्माइल."

"कावून? मी काय साबण विकून राहिलो?"

"चेहरा असा ठेवला तर वाटतं कंपनीवर केस करायला आलात."

तो हसला तेव्हा तिने पटकन फोटो काढला. फोटो चांगला आला. त्याच्याकडे पाहून मला वाटलं, या माणसाला मी नोकरी दिली असती. पण माझ्याकडे नोकऱ्या नव्हत्या.

मग मजकूर. माझा पहिला मसुदा मी हिंदीत लिहिला आणि मुलीला इंग्रजी करायला दिला. सुरुवात होती, पोलादनगरीच्या उभारणीत ज्यांच्या अविश्रांत परिश्रमांचा मोलाचा वाटा आहे असे. तिने दोन ओळी वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, ये रिटायर नहीं हो रहे हैं. यांना नोकरी पाहिजे, शाल-श्रीफळ नाही."

मी जरा रुसले, पण लिहायला परत बसले. आता मुद्द्याचं लिहायचं तर माणसाकडून काढून घ्यायला हवं. मी त्याला विचारलं, तुम्ही नेमकं काय करायचे?

"काही नाही. मेंटेनन्स."

"म्हणजे काय?"

"बंद पडलं का चालू करायचं."

"कसं?"

"जसं होते तसं."

अशा माणसाचं प्रोफाइल लिहिणं म्हणजे बोअर खणणं. पण मी त्याच्या ताटासमोर इतकी वर्षं बसले होते. कोणता बेल्ट कधी फाटला, कोणत्या पावसात कोळशाचा चिखल होऊन रोलर अडकले, शटडाउन वेळेच्या आधी कसा संपवला, हे सगळं त्याने जेवताना कधी ना कधी सांगितलं होतं, बहुतेक वेळा तक्रार म्हणून. मी एकेक आठवून विचारत गेले आणि तो मान डोलावत गेला. मुलगी लिहीत होती.

"टीम लीड केली," ती टाइप करता करता म्हणाली.

"टीम कुठली? पोरं होती पंधरा-वीस."

"त्यालाच टीम म्हणतात, बाबा."

"अन् लीड काय केलं? ओरडत होतो त्यायच्यावर."

"लीडच झालं ते," मी म्हणाले.

तो हसला. खूप दिवसांनी घरात हलकं वाटलं. त्या हलकेपणातच ती गोष्ट झाली.

कामाच्या प्रत्येक नोंदीत कंपनीचं नाव टाकायची एक जागा असते. मुलगी पाणी प्यायला उठली होती, मोबाइल माझ्या हातात होता. मी नवऱ्याला विचारलं, "कोणतं नाव टाकू?"

"कोणतं बी टाक. तिघं बी सारखेच होते."

आमच्या घरात त्या ठेकेदारांची नावं कोणी घेतच नसे. माहेरी नागपूरला, मुलीच्या शाळेत, मंडळात, कोणी विचारलं की आम्ही सांगायचो, प्लांटमध्ये आहेत. टाऊनशिपच्या क्वार्टरमधले, कंपनीच्या रोलवरचे पक्के लोक तेच सांगायचे आणि जुनवानीतले आम्हीही तेच. तीन नावं ओळीने सांग म्हटलं असतं तर मला जमलं नसतं. मी प्लांटच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाकली. पूर्ण नाव आपोआप वर आलं, शेजारी छोटं बोधचिन्ह. मी त्यावर बोट ठेवलं. मग वर्षं टाकली, सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत, एका ओळीत.

मुलगी पाणी पिऊन आली. तिने पाहिलं. "लोगो आ गया. एकदम प्रोफेशनल दिखरा." तिलाही काही खटकलं नाही. ती जन्मल्यापासून तेच ऐकत आली होती. नवऱ्याने चष्मा लावून फोटो तेवढा पाहिला आणि झोपायला गेला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत त्या प्रोफाइलवर माणसं येऊ लागली. आधी विमावाले, मग ऑनलाइन कोर्स विकणारे. मग एका दुपारी एका मुलीचा फोन आला. एका खासगी पोलाद कारखान्यासाठी ती माणसं शोधायचं काम करत होती. कारखाना रायगढकडे. कन्व्हेयर विभागाला मेंटेनन्सचा मॅनेजर हवा होता. आवाज अगदी आमच्या मुलीच्या वयाचा, आणि दर वाक्याला सर.

फोन ठेवून नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला. "बलावलं," म्हणाला. "गुरुवारी. लॅपटॉपवर." आणि तिथंच उभा राहिला, जसं काही पुढचं मी सांगायचं होतं.

मुलीने कोचिंग क्लासवाल्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं. हे तिने आम्हाला सांगितलं नाही. तिच्या फोनवरचं बोलणं मी ऐकलं.

मंगळवारी दुपारी माणसं शोधणाऱ्या त्या मुलीची मेल आली. नवऱ्याने स्वतः उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. गुरुवारी अकरा वाजता, प्लांटहेड स्वतः असतील, एचआरचे एक जण असतील. आणि पुढे, तुमचा एका मोठ्या सरकारी पोलाद कंपनीतला इतका दीर्घ आणि सलग कार्यकाल पाहून आमचे प्लांटहेड प्रभावित झाले आहेत. सोबत सर्व्हिस सर्टिफिकेट तयार ठेवावं.

तो वाचता वाचता थांबला. मग ते वाक्य परत वाचलं, या वेळी मनात.

"सरकारी कंपनीतला?" तो म्हणाला. "मी?"

मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं. कळायला मला एक क्षणही लागला नाही. बोधचिन्हावर ठेवलेलं माझं बोट मला स्पष्ट दिसलं.

त्याने प्रोफाइल उघडलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. मी गॅस बंद करून बाहेर आले. तो रागावेल असं वाटत होतं. रागावला असता तर बरं झालं असतं, मी उलट काही तरी बोलले असते. तो फक्त म्हणाला, "हे माहं नाही. हे दुसऱ्या कोणाचं आहे."

"मला वाटलं..." मी म्हणाले. मला तर काही वाटलंच नव्हतं, तेच खरं.

मुलगी कॉलेजातून आली तोवर आम्ही दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. ती ओठ चावत उभी राहिली.

"देखो," ती म्हणाली, "काम तर तिथंच केलं नं? गुरुवारी इंटरव्ह्यूत सांगा, थ्रू कॉन्ट्रॅक्टर था. आत्ता बदललं तर बोलावणारच नाहीत. एकदा तुम्हाला पाहिलं की..."

"पाहिलं की काय?"

"की त्यांना कळेल तुम्ही कसे आहात."

"खोटं लिहून बोलावून घेणारा, हे कळेल पहिले," तो म्हणाला.

मी मनातून मुलीच्या बाजूला होते. खरं सांगायचं तर मी मनात हिशोब मांडत होते, की नाव न बदलता, नुसतं पुढे बारीक अक्षरात काही लिहिता येईल का. गौरव लिहिणाऱ्याला अशा युक्त्या येतात. सस्पेंड झालेल्या माणसाबद्दल मी एकदा लिहिलं होतं, काही काळ त्यांनी कुटुंबासाठी वेळ दिला.

पण त्याने चष्मा लावला होता. "कुठून बदलते हे?" त्याने मुलीला विचारलं. तिने मोबाइल हातात घेऊन जागा उघडून दिली, मग परत त्याच्या हातात दिला. त्याने एका बोटाने टाइप केलं. पहिल्या ठेकेदाराचं नाव, मग पुढे कॉन्ट्रॅक्टर. दुसऱ्याचं नाव, कॉन्ट्रॅक्टर. तिसऱ्याचं. तीनही नावं त्याला वर्षांसकट तोंडपाठ होती. कोणत्याच नावाला बोधचिन्ह आलं नाही. बोधचिन्हाच्या जागी करडे चौकोन आले, एकाखाली एक.

झालं तेव्हा आम्ही तिघांनी ते पाहिलं. आणि मला जे दिसलं ते त्यालाही दिसलं असावं. एक ओळ होती तोवर तो एका जागी टिकून राहिलेला माणूस होता. आता तीन नोंदी होत्या आणि वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस दर काही वर्षांनी नोकरी सोडतो आणि दुसरीकडे जातो. सगळं खरं लिहिलं होतं आणि त्यातून निघत होता भलताच कोणी.

"राहू दे," तो म्हणाला. "आहे तसं आहे."

बुधवारी सकाळी चहा व्हायच्या आत त्याच्या मोबाइलवर टिंगटिंग सुरू झालं. "अभिनंदन." "बधाई हो." "नई कंपनी के लिए शुभकामनाएँ." एका मागे एक. प्लांटमधला जुना सहकारी, मंडळाचे सचिव, माझा नागपूरचा भाऊ. त्याला कळेना, मला कळेना. मुलगी टॉवेलने केस पुसत बाहेर आली, मोबाइल पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, नोंद बदलताना एक बटण बंद करायचं असतं. मी विसरले. साइटने सबको बता दिया कि आपने नया जॉब जॉइन किया."

"कोणाले सांगतलं?"

"सगळ्यांना."

तेवढ्यात जुन्या सहकाऱ्याचा फोनच आला. नवऱ्याने स्पीकर चालू ठेवला, कारण त्याला तो बंद करता येत नाही.

"काय भाऊ, लागले म्हणते तुम्ही. पार्टी कधी?"

"लागलो नाही नं."

"लपवून काय राहिले? फोटोत कसे हसून राहिले. एवढे तं लग्नात बी हसले नव्हते तुम्ही."

लागलो नाही, हे त्याला तीन वेळा सांगावं लागलं. प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा खाली गेला. मग तो सहकारी "अस्सं" म्हणाला आणि त्याच्या मुलाच्या लग्नाचं बोलायला लागला. त्या दिवशी असे किती तरी फोन झाले. लागलो नाही, लागलो नाही. पाच महिने जे आम्ही लोकांना गोल गोल सांगत होतो ते त्याने एका दिवसात सगळ्या भिलाईला सरळ सांगून टाकलं.

दुपारी माणसं शोधणाऱ्या त्या मुलीचा फोन आला. आम्ही दोघंही मोबाइलच्या पडद्याकडे पाहत होतो. त्याने उचलला.

"सर, आपने कहीं और जॉइन कर लिया क्या? मुझे नोटिफिकेशन आया."

तो उभा राहिला. फोनवर महत्त्वाचं बोलायचं असलं की तो उभा राहतो, प्लांटमधली सवय. "नहीं मैडम. जॉइन नहीं किया. जो पहले लिखा था वो गलत था. मैं कंपनी का आदमी नहीं था, ठेकेदार का था. तीन ठेकेदार. वो ठीक किया."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली आणि थांबली.

"पर सर," मग ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, "मैंने तो आपका नाम वही देख के आगे भेजा था. अब मैं सर लोगों को क्या बोलूँ?"

"जो है वो बोल दीजिए."

"कल का इंटरव्यू होल्ड पे रखते हैं, सर. मैं पूछ के बताती हूँ."

फोन ठेवून तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेले नाही. मी भाजी निवडत बसले. निवडून झालेली भाजी परत निवडली. मला स्मरणिकेतले माझे सगळे गौरव आठवत होते आणि एकही वाक्य कामाचं वाटत नव्हतं. त्या पोरीलाही आपण अडचणीत आणलं, हेही डोक्यात घोळत होतं. तिचीही नोकरीच होती की.

संध्याकाळ झाली, फोन नाही. मुलीने एकदा विचारलं, "कोचिंगवाल्यांना हो म्हणू का?" नवरा म्हणाला, "उद्या अकरा वाजेपर्यंत थांब."

"होल्ड म्हणाली नं ती."

"होल्ड म्हणजे नाही नाही."

गुरुवारी सकाळी त्याने दाढी केली. कोणी बोलावलेलं नव्हतं, तरी. शर्ट तोच, इस्त्री मी परत केली. लॅपटॉप समोरच्या खोलीत टेबलावर ठेवला, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. साडेदहाच्या सुमाराला मोबाइल वाजला. त्या मुलीची फक्त एक ओळ होती. इंटरव्ह्यू ॲज शेड्यूल्ड, सर. ऑल द बेस्ट.

त्याने कानात इअरफोन घातले. मुलीने दार लोटून घेतलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या. मधल्या भिंतीपलीकडून मला फक्त त्याचाच आवाज येत होता. विचारणाऱ्यांचं काहीच नाही. ज्याने अशी अर्धी मुलाखत ऐकली असेल त्यालाच कळेल. प्रत्येक शांततेत मी एक भयंकर प्रश्न बसवत होते.

"जी सर. नमस्ते सर."

शांतता.

"जी, बेल्ट कन्व्हेयर. जॉइंटिंग, रोलर, गियरबॉक्स, सब."

मोठी शांतता. मुलीने माझं मनगट धरलं होतं.

"नहीं सर. कंपनी के रोल पे कभी नहीं था."

शांतता.

"जी, पहले गलत लिखा था."

मग त्याची खुर्ची करकरली. मला वाटलं, आता विचारलं असणार, कोणी लिहिलं. मी डोळे मिटले. बायकोने, असं तो म्हणणार, आणि ते खरंच होतं, आणि तरी मला ते भिंतीपलीकडून ऐकायचं नव्हतं.

"घर में सब ऐसे ही बोलते हैं सर," तो म्हणाला. "मैं भी बोलता था. लिखने के बाद समझा कि गलत है."

परत शांतता. मग त्याचा आवाज थोडा बदलला, जेवताना बेल्टबद्दल सांगताना व्हायचा तसा.

"नहीं सर, मैंने नहीं छोड़ा. एक भी बार नहीं. ठेका जिसको गया उसने रख लिया. कंपनी बदली, मैं वहीं था. बेल्ट भी वही था."

त्यानंतर तो हसला. लहानसं, पण हसला. ते हसले म्हणून हा हसला, की हा एकटाच हसला, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. मुलगी कुजबुजली, "अच्छा साइन है?" मी म्हणाले, "मला काय माहीत." पुढे बराच वेळ नुसतं "जी सर, जी सर" चाललं. मग दार उघडलं. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती, पंखा चालू असून.

"काय म्हणाले?"

"सांगतो म्हणाले."

"आणखी काय?"

"पाणी दे."

तो दोन ग्लास पाणी प्याला आणि खालचा पायजमा बदलायला गेला. तेव्हा कळलं की इंटरव्ह्यूलाही त्याने खाली तोच पट्ट्यांचा पायजमा घातला होता.

मधले दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. मोबाइल आम्ही बाथरूममध्येही नेत होतो. मुलीने कोचिंगवाल्यांना आणखी एकदा थांबवलं आणि तिसऱ्यांदा ते थांबणार नाहीत असं तिला सांगितलं गेलं. मी देवासमोर जास्त वेळ बसायला लागले आणि तिथंही मला मुद्देसूद काही सुचेना.

पुढच्या आठवड्यात फोन आला तो त्या मुलीचा नव्हता, कारखान्यातून सरळ होता. एचआरचा माणूस. नवरा उभा राहून ऐकत होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. चेहरा आधी मोकळा झाला, मग परत आखडला. शेवटी तो म्हणाला, "शाम तक बताता हूँ, सर."

त्यांनी घेतलं होतं. पण मॅनेजर म्हणून नाही. ठेकेदाराकडचा अनुभव ते अर्धाच धरतात, असा तिथला नियम. म्हणून एक पायरी खाली, असिस्टंट. वर मॅनेजर असेल तो त्याच्यापेक्षा बराच लहान. कंपनीच्या रोलवर मात्र पक्कं. राहायला एक खोली मिळणार, कुटुंबाला सध्या नेता येणार नाही. प्लांटहेड म्हणाले होते, वर्षभराने पाहू.

"अर्धा," तो सोफ्यावर बसून म्हणाला. "इतके वर्षं बेल्टखाली काढले अन् अर्धा."

मला रागच आला. त्या नियमाचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण डोक्यात लगेच आलं होतं की आधीचं राहू दिलं असतं तर पूर्ण धरलं असतं. मी ते बोलले नाही. तरी त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुह्या मनात काय चालू आहे मले माहीत आहे," तो म्हणाला. "ते राहू दिलं असतं तं सर्टिफिकेट कुठून आणलं असतं? तूच लिहिलं असतं का ते बी?"

"लिहिलं असतं," मी म्हणाले. "चांगलं लिहिलं असतं."

तो हसला नाही, पण रागावलाही नाही. मी मुलीला खुणेने बाहेर पाठवलं. मला सांगावंसं वाटत होतं, नका जाऊ, एक पायरी खाली कशाला, कोणा पोराच्या हाताखाली कशाला. आणि तितकंच सांगावंसं वाटत होतं, जा. दोन्ही तोंडाशी आलं आणि दोन्ही मी गिळलं. माझ्या लिहिण्याने एकदा काय झालं ते मी पाहिलं होतं, आता बोलण्याने काही करायची माझी हिंमत नव्हती.

तो उठला, गच्चीत गेला. खाली बागेला पाणी घालणाऱ्या शेजाऱ्याशी काहीतरी बोलल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मी ताटं घेतली, परत ठेवली.

उन्हं उतरताना तो खाली आला. मोबाइल हातात होता, पडद्यावर तो नंबर होता, पण लावलेला नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा राहिला.

"काय वं," तो म्हणाला, "रायगढकडे डासं लय असते म्हणते. मच्छरदाणी घ्या लागन का?"

मी म्हणाले, "सिंगलची घ्या. डबलची कशाला."

मग त्याने फोन लावला आणि बोलायला उभा राहिला.